समस्त गावकऱ्यांचा अर्ज

नेरहून साडेअकराची मोटर येईपर्यंत आमची शाळा भरत नसे, कारण त्या मोटरीत मी असे. माझं अक्षर मोत्यासारखं, नोकरी कायम, आणि गावाला तक्रार करायची सवय नव्हती. आठ वर्षं बरं चाललं होतं.

मग एकसष्ट साली उत्तमसिंग राठोड मुख्याध्यापक म्हणून आले. तांड्यातला माणूस, आवाज दणदणीत. पण मला एका शब्दाने बोलले नाहीत. पहिल्याच दिवशी पाहतो तर चाळीस पोरं कोऱ्या पाट्या मांडीवर घेऊन गप्प बसलेली.

"दहा वाजतापासून तुमचीच वाट पाहून राह्यले," ते म्हणाले. "असं अक्षर अख्ख्या तालुक्यात नाही म्हन्तात. मी गिरवून देल्लं तर बिघडन पोराईचं."

आठवडाभर रोज हेच. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. शेवटी चिडून मी गावातच खोली घेतली, आणि तिथे बसून पहिलं काम केलं ते त्यांच्याविरुद्ध अर्ज लिहिण्याचं. 'मुख्याध्यापक शिक्षकांचा छळ करतात, तरी त्यांची बदली व्हावी.' खाली सही केली, समस्त गावकरी.

अर्ज सरकारी पायांनी निघाला. त्याला पोचायला वर्ष लागलं आणि तेवढ्यात माझं वाटोळं झालं, म्हणजे मला शिकवायची गोडी लागली. पोरं हुबेहूब माझ्यासारखं लिहू लागली, घरी आईबापांनाही गिरवायला बसवू लागली. वर्गातल्या जमनीची आजी हंसाबाई सही करायला शिकली, तेव्हा उत्तमसिंग घरोघर सांगत फिरले की ही नागोराव गुरुजींची करामत. अर्ज मी पार विसरलो होतो.

एक दिवस मोटरीतून शाळाखात्याचे साहेब उतरले, तोच अर्ज घेऊन.

"हे अक्षर कोणाचं, तेवढं पाहायचं आहे," ते म्हणाले.

नोकरीचं काय व्हायचं ते होवो, पण हा माणूस बदलून गेला तर शाळा पुन्हा साडेअकराला भरणार आणि ते पाप माझ्या माथी. मला स्वतःची शिसारी आली.

साहेबांनी जमनीची वही उघडली. तेच अक्षर. दुसरी उघडली, तेच. दहाव्या वहीला त्यांनी चष्मा काढून पुसला.

"पोरी, हा अर्ज तू लिहिलास?"

जमनीने अर्ज बोट ठेवून वाचला. "नाही जी. छळ म्हन्जे काय, मले तं हेच माहीत नाही."

साहेबांनी एकदा वह्यांकडे पाहिलं, एकदा सहीकडे. "समस्त गावकरी," ते पुटपुटले, "सही तर खरीच दिसते." आणि तक्रारीत तथ्य नाही असा शेरा मारून ते परत गेले.

मोटर दिसेनाशी झाल्यावर मी उत्तमसिंगांसमोर उभा राहिलो. "गुरुजी, तो अर्ज माझा होता."

"मले ठाऊक हाय," ते म्हणाले. "पोराईनं तुमचं सारंच उचललं, नागोराव. तेवढं चुगली करनं राह्यलं. ते नका शिकवू."