दुधी काचेवरचा चेहरा

मी कॅमेऱ्यातली दुधी काच. कॅमेऱ्याचा विषय निघाला की लोक भिंगाचे कौतुक करतात, फार तर सागवानी लाकडाचे. माझे नाव कोणी घेत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु ओळख करून दिल्यावाचून बोलायला सुरुवात करणे मला प्रशस्त वाटत नाही. तिवईवर उभ्या केलेल्या जुन्या लाकडी कॅमेऱ्याच्या पाठीशी, काळ्या कापडाच्या बुरख्याआड, वीतभर लांबीची एक धुरकट काच असते. समोर बसलेल्या माणसाची प्रतिमा प्रथम तिच्यावर पडते. छायाचित्रकार ती निरखतो, चक्री फिरवून स्पष्ट करतो, आणि मगच फोटो काढतो. ती काच म्हणजे मी.

माझा जन्म सोलापुरातल्या नव्या पेठेतला. एका कापड दुकानाच्या माडीवर चनबसप्पांचा स्टुडिओ होता. कॅमेऱ्यातली मूळची काच तडकली, तेव्हा त्यांनी जिन्याच्या फुटक्या खिडकीतला एक चांगला तुकडा कापून घेतला, त्यावर कुरुंदाच्या दगडाची बारीक पूड आणि पाणी टाकले, आणि दुसऱ्या काचेने ते मला गोल गोल घासत बसले. तोवर मी आरपार होते. माझ्यातून रस्ता दिसे, टांगे दिसत, समोरच्या सराफाची पाटी दिसे; परंतु ते सारे माझ्यातून निघून जाई, माझ्यावर काही थांबत नसे. घासून घासून माझी नजर घालवली, तेव्हा कुठे माझ्यावर चित्र ठरू लागले. आंधळी झाले आणि पाहू लागले, अशी माझी कथा आहे.

माझ्यात दोन उणिवा आहेत, त्याही सांगून टाकते. पहिली ही की, मी सगळे उलटे दाखवते. वरचे खाली आणि डावे उजवे. दुसरी ही की, माझ्यावर काहीच टिकत नाही. प्रत्यक्ष फोटो काढायच्या वेळी मला बाजूला सारून माझ्या जागी फिल्मचा खण बसवतात. त्यामुळे जन्मभर कॅमेऱ्यात राहूनही मी एकही फोटो निघताना पाहिलेला नाही. माझ्या वाट्याला आले ते केवळ त्याआधीचे पाहणे.

आणि चनबसप्पांचे पाहणे फार सावकाश असे. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत गावोगावची माणसे माडीवर येत. एकदा सांगोल्याकडचे एक मेंढपाळ जोडपे आले. येडू आणि चिमाबाई.

"हितं बसू व्हय?" चिमाबाईने विचारले.

"बसा की. पावणं, तुमी बी टेका."

येडू टेकला तो गाडलेल्या खांबासारखा. चनबसप्पांनी काळ्या कापडाखालून डोके बाहेर काढले. "मेंढरं कुणाजवळ सोडून आलाव?"

"भावाजवळ."

"सांभाळतो का नीट?"

"त्यो? त्येला नुसती मोजाय येत्यात. वळखाय न्हाय येत." एवढे बोलला आणि येडूचे खांदे सैल झाले.

"बगा!" चिमाबाई म्हणाली. "मेंढरांचं नाव काडलं की ह्यांच्या तोंडावर कळा येती. माज्याकडं कवा असं बगितलं न्हाय."

"मग आता बगा की, पावणं. फुकट हाय."

येडूने मान वळवून बायकोकडे पाहिले. चिमाबाई लाजून हसली, पदर सावरायचे विसरली. मला बाजूला सारण्यात आले आणि तो क्षण दुसऱ्या कोणाच्या पदरात पडला. मला त्याचे वाईट वाटले नाही. तो येईपर्यंत कोणीतरी थांबले होते, हे मला पुरेसे होते.

चनबसप्पांनी हेच आपल्या लेकीला, रुद्राणीला शिकवले. ती खोक्यावर उभी राहून काळ्या कापडात डोके घाली, माझ्यावरची प्रतिमा पाही, आणि मग तिची परीक्षा होई.

"डोळे मीट, रुद्रव्वा. काय दिसलं?"

"बाई."

"कसली बाई? खालच्या दुकानात साडी नेसवून उभी केलीय, ती पण बाईच की. नीट सांग."

"नाकात मोरणी. उजव्या बाजूला."

"सुलटं करून सांग गं. ही काच खोटं बोलत नाही, पण तिची बोली उलटी आहे. सुलटं आपण करून घ्यायचं."

रुद्राणी पुन्हा पाही, पुन्हा डोळे मिटे. पुढे पुढे ती माणूस जिना उतरून गेल्यावरही त्याच्या कानाची पाळी, कपाळावरची आठी, सारे बिनचूक सांगू लागली. चेहरा एकदा तिच्या मिटल्या डोळ्यांआड गेला की तो तिचा झाला.

यथाकाल तिचे लग्न झाले आणि वैधव्यही लवकर आले. तान्ह्या मनालीला कडेवर घेऊन ती माडीवर परतली. चनबसप्पांनी नातीला त्याच खुर्चीत उशीला टेकवून बसवले, कापडात डोके घातले आणि आतूनच ओरडले, "उजव्या भुवईखाली तीळ आहे की पोरीला! तुला दिसला होता का?"

"नाही, अप्पा."

"मग आई कोण, तू का मी?"

"अप्पा, नऊ महिने कोणी वाहिली?"

"वाहिली तू. बघितली मी." दोघेही मनापासून हसली. त्या माडीवरचे ते हसणे मला अजून आठवते, कारण नंतर तसे फारसे ऐकायला मिळाले नाही.

चनबसप्पा गेले. फिल्म मिळेनाशी झाली. कोपऱ्यात एक छोटा डिजिटल कॅमेरा आणि संगणक आला. अर्जांना लावायचे फोटो डोळ्याचे पाते लवण्याआधी निघू लागले. लोक रस्त्यात उभे राहून स्वतःचेच फोटो काढतात आणि काढल्यावर ते पाहतही नाहीत, हे कॅमेरा खिडकीकडे वळलेला असे तेव्हा मी पाहिले. मला ते रुचले नाही. परंतु काचेला कोण विचारतो?

मग रुद्राणी संध्याकाळी जिन्यावर अडखळू लागली. शेजारी उभे असलेले माणूस तिला दिसेना. डॉक्टरांनी तपासले आणि आईवडील नात्यातले होते का, असे विचारले. चनबसप्पांनी सख्ख्या बहिणीची मुलगी केली होती. त्यांच्याकडे ती रीतच होती. डोळ्याच्या पडद्याचा आजार होता. नजर काठाकडून आत मिटत जाणार होती. अंधूक उजेडातले आधी जाणार, भर उन्हातले शेवटी. उपाय विचारल्यावर डॉक्टर स्वतःचा चष्मा पुसत बसले. हे सर्व रुद्राणीने घरी कोणाला सांगितले नाही. एकदा दुपारी माडीवर एकटीच मोठ्याने बोलली, ते मी ऐकले.

त्या दिवसापासून तिचे माझ्याकडे येणे वाढले, आणि त्याला कारण होते. तिच्या नजरेचे वर्तुळ आता इतके लहान झाले होते की समोरच्या माणसाचा एका वेळी एक डोळा दिसे, नाहीतर नुसते ओठ. माझ्यावर मात्र सबंध माणूस तळहाताएवढा होऊन येतो. छपराच्या काचांतून दुपारचे ऊन खुर्चीवर पडले की ती कोणाला तरी बसवी, आणि कापडात डोके घालून तो चेहरा मनात भरून घेई. खालच्या दुकानातली नागूबाई तर कंटाळून गेली.

"ताई, इतक्यांदा बसले, एक तरी फोटू द्या की."

"देते हो."

"माजं तोंड एवडं बगण्यासारकं हाय, हे आमच्या मालकास्नी बी सांगा जरा!"

परंतु जिचा चेहरा हवा होता, ती बसत नव्हती. मनालीने परिचारिकेचा अभ्यासक्रम पुरा केला होता आणि तिला जर्मनीतल्या एका रुग्णालयात नोकरी मिळाली होती. दोन वर्षे परत येणे नव्हते. ती घरात असे, आईसमोरच असे; पण मान सदोदित मोबाईलवर वाकलेली. गेली कित्येक वर्षे रुद्राणीने पाहिला तो लेकीच्या केसांचा भांग. मोठी झालेली मनाली तिने मन लावून एकदाही पाहिली नव्हती, आणि आता पाहायला नजर उरत नव्हती.

"मनाली, उद्या दुपारी कॅमेऱ्यापुढे बसशील जरा?"

"अगं, फिल्म कुठाय त्यात?"

"नसू दे."

"मग फोटो कशात येणार?"

"फोटो कोणाला पाहिजे? मला बघायचंय."

"रोज तर समोर असते की गं!" हेही ती मान वर न करताच बोलली. मग काय वाटले कोण जाणे, म्हणाली, "बरं, येते. ऊन असताना. प्रॉमिस."

चष्म्याचा नंबर वाढलाय, एवढेच तिला सांगितलेले होते. खरे कळले तर पोरगी तिकीट फाडून टाकील, असे आईला वाटे. आणि आपल्या अंधारात लेकीला कोंडायचे नाही, हे रुद्राणीने ठरवलेले होते.

दुसऱ्या दिवशी तिने खुर्ची पुसली आणि मलमलीच्या तुकड्याने मला हळुवार पुसले. ऊन खुर्चीच्या पाठीवर आले, बैठकीवर आले, खुर्चीच्या हातांवर सरकले. जिन्यावर पाऊल वाजले नाही. ऊन खुर्ची सोडून भिंतीवर चढले, तेव्हा रुद्राणीने हात पुढे करून रिकाम्या बैठकीवरची ऊब चाचपून पाहिली.

मनाली आली ती धापा टाकत. "सॉरी आई. बॅगेची चेन बसवायला टाकली होती, मग मैत्रिणींनी सोडलंच नाही. उशीर झाला का?"

"नाही गं. बस."

इतरांच्या दृष्टीने माडीवर अजून भरपूर उजेड होता. मनालीने न सांगता मोबाईल पिशवीत टाकला, पिशवी दाराशी ठेवली, रिकामे हात मांडीवर घेऊन बसली आणि सरळ माझ्या दिशेने पाहू लागली. इतकी स्थिर ती जन्मात बसली नव्हती. आजोबांची रुंद कानशिले, आईची हनुवटी, ओठांच्या कोपऱ्यात धाकधूक, आणि उजव्या भुवईखाली तो तीळ. जे पाहण्यासाठी एवढा खटाटोप होता, ते सगळे माझ्यावर आले होते.

रुद्राणीने कापडात डोके घातले आणि चक्री फिरवली. पापणीचा केस न् केस सुटा दिसल्याखेरीज तो हात कधी थांबत नसे. त्या दिवशी चेहरा धुक्यात असतानाच थांबला. मला वाटले, ती दम घेत असेल.

"हनुवटी जरा खाली," ती म्हणाली. हनुवटी जिथे हवी तिथेच होती.

मग ती लाडाने रागावली. "मोबाईल ठेव की गं खाली, बाळा. आज तरी."

मनालीने आपल्या मोकळ्या हातांकडे पाहिले. दाराशी पडलेल्या पिशवीकडे पाहिले. मग वर, काळ्या कापडाकडे. तिचा चेहरा कसा बदलत गेला, ते मी पाहिले. ज्या डोळ्यांनी पाहायला हवे होते, ते माझ्यापासून वीतभर अंतरावर उघडे होते.

"ठेवला, आई," ती म्हणाली.

"हां, आता कशी! हलू नकोस."

ती हलली नाही. भिंतीवरचे ऊन छपराला जाऊन मिळाले तरी दोघी तशाच होत्या.

अखेर मनाली उठली. "आता तू बस. मी बघते." आयुष्यात पहिल्यांदा ती कापडाखाली आली. तिचा उष्ण श्वास माझ्यावर साचला, तो तिने ओढणीने पुसला. चक्री फिरवत फिरवत तिने आईची प्रत्येक पापणी सुटी केली.

"काय दिसलं?" खुर्चीतून प्रश्न आला.

"आई."

"कसली आई? आया पुष्कळ असतात. नीट सांग."

"कानामागे एक पांढरी बट. गळ्याशी मंगळसूत्राचा जुना वळ. आणि डोळे..."

"डोळ्यांचं काय?"

"चांगले आहेत."

दुसऱ्या दिवशी ती गेली. आईने जाऊ दिले, लेकीने जाणे स्वीकारले. दोघींपैकी एकीनेही दुसरीला खरे सांगितले नाही. कोणाचे चुकले, हे ठरवणे माझे काम नव्हे.

त्यानंतर थोड्याच काळात भर दुपारचे ऊनही रुद्राणीला दिसेनासे झाले. तरी ती भिंतीला हात लावत माडीवर येते, कापडात डोके घालते. माझ्यावर रिकामी खुर्ची पडलेली असते. ती डोळे मिटते आणि स्वतःलाच विचारते, "काय दिसलं?" मग सांगू लागते. लहानपणीच्या मनालीला आठवून सांगते, कारण मोठी तिने पाहिलीच नाही. रोज काहीतरी गळते. दुधाचे दात गेले, गालावरची खळी गेली. तीळ तेवढा उरला होता. परवा ती म्हणाली, "डाव्या भुवईखाली." थबकली. "की उजव्या?" प्रत्यक्ष पाहिलेला आठवतो आहे की माझ्यावर पाहिलेला, हे तिचे तिलाच उमगेना. सुलटे करता करता तिने ते पुन्हा उलटे केले. फोनवर लेकीला विचारायची सोय नाही. विचारले तर सगळेच विचारल्यासारखे होईल. काल ती ठामपणे म्हणाली, "डाव्या."

मला आंधळे केले तेव्हा मला दिसू लागले. माणसांचे तसे होत नाही, एवढे मी शिकले आहे.

आता हा कॅमेरा एका उपाहारगृहाच्या दारात शोभेसाठी उभा करायचा ठरला आहे. तिथे काळे कापड नसेल आणि माझ्यापाशी वाकून पाहणारेही कोणी नसेल. माझ्याविषयी मागणे काही नाही. मात्र नव्या पेठेत कधी आलात तर कापड दुकानाच्या जिन्याने वर जा. एक बाई रिकाम्या खुर्चीसमोर उभी असेल. तिला दचकवू नका. आधी आपले नाव सांगा. आणि मला सांगता येत नाही तेवढे तिला सांगा: तीळ उजव्या भुवईखाली आहे.