उतरवलेल्या तारा

ई ए डी जी बी ई

सहा तारा, सहा स्वर. सगळ्यांची गिटार अशीच लागते. माझीही. लग्नात ती माझ्याबरोबर बेळगावहून रामनगरला आली, टेम्पोत, कपाट आणि मिक्सर यांच्या मध्ये.

आमचं दुकान हायवेला. पाईप, ताडपत्री, फवारणीचे पंप. दुकानामागे घर, घरामागे गोदाम. दुकानात आलेला पाहुणा घरात येतो, घरात आला की चहा, चहा झाला की मामा हाक मारतात, "अंकिता, गिटार आण गं पोरी." मामा म्हणजे माझे सासरे. गोपाळमामा.

एकच गाणं. जुनं, सिनेमातलं. मामांना तेवढंच आवडतं, आणि ते डोळे मिटून ऐकतात.

मग पाहुणे:

"सून गिटार वाजवती व्हय?"

"आमच्यात असती तर कवाच माळ्यावर पडली असती. गिटार म्हणतोय मी, सून न्हवं."

"नशीब काढलंस बाई."

"आणि एकदा होऊ दे की."

आणि एकदा होतं.

मला इथे कुणी छळत नाही. आधीच सांगून ठेवते.

मी एकदाच म्हटलं होतं, "आज नको, मामा." ते रागावले नाहीत. पाहुण्यांना म्हणाले, "दमली असंल पोर." मग आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, माझ्या कपाळाला हात लावून बघितला. नणंद राखी दारात येऊन विचारून गेली, "वैनी, मी काय बोलले का?" प्रशांतनी, माझ्या नवऱ्यानं, माझ्यासाठी बदामी हलवा आणला. दुसऱ्या दिवशी बेळगावहून आईचा फोन: "काय केलंस गं तू?"

त्यानंतर मी नको म्हटलं नाही.

डी जी डी जी बी डी

क्लासचे सर एकदा बोलता बोलता म्हणाले होते: दोन्ही टोकांच्या ई खाली डीवर आणायच्या. ए खाली जीवर. मधल्या तीन तशाच ठेवायच्या. मग काही न दाबता हात फिरवायचा. परीक्षेला नव्हतं, म्हणून आम्ही कुणी करून बघितलं नाही.

जुलैत मी करून बघितलं. गोदामात, कारण पावसात तिकडे कुणी येत नाही.

जाड ई उतरवली. ए उतरवली. बारीक ई उतरवली.

हात फिरवला.

गोदामात पाईप रचलेले असतात, छतापर्यंत, दोन्ही तोंडं उघडी. ते पाईप घुमले.

माझा डावा हात मांडीवर होता. त्यानं काहीच धरलं नव्हतं. तरी सगळं लागलं होतं.

मग एक बोट, आडवं, गिटारच्या मानेवरच्या पाचव्या पट्टीवर. मग सातव्या. मग बोट काढलं. एवढंच. बराच वेळ एवढंच.

मग मी ते गाणं वाजवून बघितलं. बोटं जुन्या जागी ठेवली आणि भांड्यांचं फडताळ कोसळल्यासारखा आवाज आला. परत वाजवलं. परत कोसळलं. गाणं येतच नव्हतं. मी ठरवलं असतं तरी आलं नसतं.

मला इतकं हसू आलं की मी पोत्यावर बसले.

संध्याकाळी दांडेलीचे पाहुणे. "अंकिता, आण गं." मी आणली. "मामा, ओल लागून बिघडली हो," म्हटलं आणि जुन्या बोटांनी वाजवून दाखवलं.

"आगागा," मामा म्हणाले. "ठेव, ठेव. पत्र्यावर माकडं नाचल्यागत वाजतंय."

पूर्ण पावसाळा सुटका.

मधे एकदा आत्ती गोदामात आल्या, ताडपत्री न्यायला. दारातच थांबल्या. मी वाजवायची थांबले.

"ह्ये गाणं न्हाई," त्या म्हणाल्या.

"नाही."

"मग काय हाय?"

"काही नाही, आत्ती. असंच."

त्या जरा वेळ पाईपांकडे बघत राहिल्या. "असंच असंल तर ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "ह्यास्नी सांगू नको." आणि ताडपत्री तिथेच विसरून गेल्या.

ई ए डी जी बी ई

प्रशांत माल आणायला बेळगावला गेले तेव्हा गाडीत गिटार होती. मला सांगितलं नव्हतं. चकित करायचं होतं.

"दुरुस्त करून आणली. नव्या तारा घातल्या, खुंट्या आवळून घेतल्या. आता कितीबी पाऊस पडू दे, हलणार न्हाई म्हणाला दुरुस्तीवाला."

"अहो, ती बिघडली नव्हती."

"म्हंजे?"

त्यांच्या शर्टावर लोंढ्याच्या रस्त्याची लाल धूळ होती. हातात अजून एक पुडी होती, तीही माझ्यासाठीच.

"काही नाही," मी म्हटलं. "छान झाली."

पुडीत एक चिमटा निघाला. गिटारच्या डोक्याला लावायचा. तार छेडली की त्यावर अक्षर उमटतं. स्वर नेमका असेल तर हिरवा दिवा, नसेल तर लाल.

मामांनी तो ताब्यात घेतला. दुकानातला वजनकाटा ते जसा रोज पुसून तपासतात, तसं आता दिवेलागणीला गिटार मांडीवर घेऊन बसतात. "हिरवा. ह्योबी हिरवा. ह्यो जरा लाल हाय गं, बग की." मी बघते. हिरवा होतो.

गोदामात जायला निमित्त उरलं नाही. बिघडायचीही सोय उरली नाही.

डी जी डी

राखीला बघायला खानापूरहून माणसं आली. मुलगा, त्याचे आईवडील. कुंदा झाला, चहा झाला. मुलाचे वडील म्हणाले, "तुमच्या सूनबाईचं लई ऐकलंय."

मामांनी माझ्याकडे बघितलं.

मी गिटार घेऊन बसले. बोटं पहिल्या कॉर्डवर आपोआप जाऊन बसली. मला विचारलंसुद्धा नाही त्यांनी. मी ती एकेक करून उचलली आणि जाड ईची खुंटी धरली. घट्ट होती. जोर लावावा लागला.

"काय झालं?" मामा.

"सूर लावते."

लाल. मामा पुढे सरकले. लाल. मी फिरवत राहिले. लाल. राखीनं पदर चिमटीत धरला. चिमट्यावरचं अक्षर बदललं, डी आला, आणि दिवा हिरवा झाला.

मामा मागे टेकले.

चिमट्याला कुठली तार कुठे हवी ते कळत नाही. स्वर नेमका आहे का, एवढंच तो सांगतो. मामा अक्षर बघत नाहीत, दिवा बघतात.

ए. लाल, लाल, हिरवा.

बारीक ई. हिरवा.

"झालं," मामा पाहुण्यांना म्हणाले. "मशीन हाय, खोटं बोलणार न्हाई."

आता ते गाणं येणार नव्हतं. मी हात फिरवला.

खोली भरली. पाचवी पट्टी, सातवी, मग मोकळं. पाहुणे गाणं सुरू व्हायची वाट बघत होते, मग वाट बघायची विसरले. मुलाच्या आईचा चमचा वाटीतच राहिला. मी थांबले तेव्हा "आणि एकदा" म्हणायला कुणी तोंड उघडलं नाही. कशाला आणि एकदा म्हणायचं, तेच त्यांना कळलं नव्हतं.

सुटले, असं मला वाटलं. एवढ्यात मामांनी डोळे उघडले.

"ह्ये तर त्याच्याहून ग्वाड हाय की गं," ते म्हणाले. त्यांचा आवाज खरंच ओला होता. "कवा शिकलीस? सांगितलं न्हाईस. थांब, थांब, पयल्यापासनं घे." त्यांनी खिशातून मोबाईल काढला.

स्वयंपाकघराच्या दारात आत्ती उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मी पहिल्यापासून घेतलं.

सकाळी दुकानातून तोच आवाज आत येत होता. मोबाईलमधून फार बारीक येतो.

"ह्ये कुठलं गाणं म्हणायचं, गोपाळण्णा?" गिऱ्हाईक विचारत होतं.

"गाणं न्हवंच. काय दाबायलाच लागत न्हाई तिला. डावा हात बगा तिचा. बगा. रिकामा." मामांनी परत पहिल्यापासून लावलं. "गुरुवारी लोंढ्याची माणसं येणार हाईत. तुमीबी या, समोर बसून ऐका."

आत्ती तांदूळ निवडत होत्या. "खडे लई हाईत ह्या खेपंला," म्हणाल्या, आणि सुपातले अर्धे तांदूळ माझ्याकडे सरकवले.