काळी दोन

"बाई, तुम्ही गाण्यात 'उजेड' म्हणताना 'उ' झाल्यावर का थांबता?"

विचारून टाकलं एकदाचं. मागच्या सतरंजीवर माझ्या वर्गातल्या वैष्णवी आणि संस्कृती ओढणीत तोंड खुपसून बसल्या होत्या, मुद्दाम गंमत बघायला आलेल्या. पैज त्यांचीच. शाळेत मी गायले की दोघी 'उ... जेड आली' म्हणून चिडवायच्या. मी त्यांना ठणकावून सांगितलं होतं, ती आमच्या इंद्रायणी बाईंची खास जागा आहे, तुम्हाला गाण्यातलं काय कळतंय. त्यावर वैष्णवी म्हणाली होती, "मग बाईंनाच विचार की. हिंमत हाय का?"

बाईंनी पेटीचा भाता बंद केला. मला वाटलं, गेलो आपण क्लासमधून. पण त्या आधी ओशाळल्या, मग हसायलाच लागल्या, आणि हसता हसता त्यांना खोकला आला.

"अगं गोदावरी, मला दमा आहे. तिथं माझा श्वास संपतो. तू कशाला थांबतेस?"

पाच वर्षं मी तो दमा आरशासमोर घोटत होते. बाईंसारखी मान कलती करून, बाईंसारखा आवाज बारीक करून. आईलाही तेच हवं होतं. तिनं मला गाण्याला घातलं ते मुळी माझा राठ आवाज मऊ पडावा म्हणून. बाबा एसटी स्टँडवर कंट्रोलर. मंद्रूपमार्गे विजयपूरला जाणारी गाडी, वाटेतली गावं, फलाट क्रमांक, सगळं ते माइकवर एका दमात सांगतात. लहानपणी मीही हातात लाटणं धरून, दिवाणावर उभी राहून गाड्या सोडायचे. खालच्या काकू जिन्यातून विचारायच्या, मुकुंदराव आज घरीच का? आई खिडकी लावून घ्यायची. मुलीच्या जातीला असा आवाज शोभत नाही, म्हणायची.

"आता न थांबता म्हण," बाई म्हणाल्या.

पेटीवर सूर होता काळी चार, म्हणजे बाईंची पट्टी. 'उ' आला आणि मी सवयीनं थांबलेच. बाईंनी सूर एक घर खाली आणला. पुन्हा थांबले. आणखी खाली. असं करत करत त्यांचं बोट काळी दोनवर आलं, तेव्हा मी म्हणाले की एवढं खाली मुली गात नाहीत.

"तुला मी आजवर माझ्याच पट्टीत कोंबलं," त्या म्हणाल्या. "म्हण तू."

डोळे मिटले तर गाणं दिसेना, बाबांची केबिन दिसली. माइकचं बटण दाबायच्या आधी ते पोटातून श्वास भरतात, खांदे जराही हलत नाहीत. तसाच भरला. मग उजेड अख्खा आला. त्याच्या पुढची ओळ आली, ओळीच्या शेवटचा लांब सूर आला, आणि तरी श्वास उरला. आवाज जाड होता, पण कुठंही फाटत नव्हता. माझाच होता, आणि मीच तो पहिल्यांदा ऐकत होते. मध्येच पेटी थांबली. बाई भाता हलवायला विसरल्या होत्या.

"हे कुणाकडून उचललंस?"

"बाबांकडून."

"गातात ते?"

"न्हाय बाई. गाड्या सोडतात."

मागे दोघींच्या ओढण्या तोंडावरून खाली आल्या होत्या.

निघताना बाई म्हणाल्या, शनिवारी आंतरशालेय स्पर्धा आहे. जुन्या पट्टीत गाणं पक्कं बसलंय, बक्षीस कदाचित मिळेलही. नव्या पट्टीत ऐनवेळी घसरू शकतेस. घरी बोलून ये.

जिन्यात संस्कृती म्हणाली, लई भारी गायलीस, पण आता आम्ही तुला चिडवायचं तरी कशावरून?

घरी बाबा नुकतेच ड्यूटीवरून येऊन चहा पीत होते, आई मेथी निवडत होती. मी दिवाणावर चढले. लाटणं घेतलं नाही. पोटातून श्वास भरला. आईला काय ते कळलं, ती खिडकी लावायला उठली.

"असू दे की उघडी," बाबा म्हणाले.

"आईबाबांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. शनिवारच्या स्पर्धेत कुमारी गोदावरी मुकुंद ही काळी चारऐवजी काळी दोनमध्ये गाणार आहे, आणि यापुढे घरातही ती याच आवाजात बोलणार आहे."