दस्ता वाजतो की नाही

ऑगस्टच्या दुपारी जाड लोकरीचा कोट घालून उभ्या असलेल्या माणसाला हसायचं नाही, असं वर्नाने मनाशी अगदी पक्कं ठरवलं होतं. पण तिच्या नवऱ्याच्या, ऑरिनच्या, कपाळावरची घामाची धार नाकाच्या शेंड्यापर्यंत आली आणि तिथेच लोंबकळत राहिली, तेव्हा तिला राहवेना.

"ड्वेन, आटप लवकर. म्हातारा विरघळला तर माप कोणाचं घेशील?"

"काय करू, मिस वर्ना? माप कोटावरच घ्यावं लागतं," ड्वेन म्हणाला. "शर्टावर घेतलं तर ऐन शिकारीच्या मोसमात, नोव्हेंबरात, बंदूक काखेत अडकते. मग लोक मला शिव्या घालतात."

"तुला शिव्यांची सवय आहे. बसमध्ये मीच लावली."

ड्वेन हॉगनकडून बंदूक बनवून घ्यायला लोक मोंटानाच्या त्या खोऱ्यात लांबलांबून येत आणि वर्ष वर्ष थांबत. वर्नाच्या लेखी मात्र तो अजून मागच्या बाकावर बसून पुढच्यांच्या टोप्या पळवणारा पोरगाच होता. तिने उभा जन्म शाळेची बस चालवली. खोऱ्यातली अर्धीअधिक माणसं तिने समोरच्या आरशात लहानाची मोठी होताना पाहिली होती.

आज यायचं कारण म्हणजे ऑरिनच्या वडिलांची, नील्सची, बंदूक. मागच्या हिवाळ्यात ऑरिन एका घसरड्या उतारावरून खाली आला आणि तिचा खांद्याला टेकवायचा अक्रोडाचा दस्ता मुठीपाशी दुभंगला. नळीही झिजली होतीच. ड्वेनने नवी बंदूक उभी करायला घेतली होती आणि आता दस्ता तेवढा निवडायचा राहिला होता. लाकडाचा नको, असं ऑरिनने आल्या आल्याच सांगून टाकलं.

वर्नाला त्या लाकडाची माया होती. दर रविवारी जवसाचं तेल चोळायला ऑरिन दस्ता घेऊन स्वयंपाकघरात बसायचा आणि सगळ्या घराला तो वास यायचा. पण त्याच लाकडाने लग्नानंतरच्या पहिल्या मोसमात त्यांना दगाही दिला होता. तीन दिवस ओला बर्फ पडत होता. दस्ता फुगला, नळीला टेकला, आणि ऑरिनची गोळी हातभर बाजूने गेली. समोरचा सांबरासारखा भला मोठा एल्क पळालादेखील नाही. "मला म्हणालात का?" असं विचारल्यासारखा उभा राहिला आणि मग सावकाश झाडीत निघून गेला. त्या हिवाळ्यात दोघांनी इतक्या घेवड्याच्या उसळी खाल्ल्या की पुढे कित्येक वर्षं घरात घेवडा आला नाही.

ड्वेनने टेबलावर तीन दस्ते मांडले. पहिला साध्या प्लास्टिकचा. दुसरा काचतंतूंचा, आतून फोम भरलेला, हिरवट, जरा जड. तिसरा कार्बनचा, काळा, आणि उचलला तर हातात काही आहे की नाही असं वाटावं इतका हलका.

ऑरिनने तिसरा उचलला आणि खाली ठेवायचं नावच घेईना.

"बघ, बघ, वर्ना. धरून तर बघ."

"मी कशाला धरू? बंदूक तुझी."

"अगं, नुसता उचल. पाखराएवढं वजन आहे!"

वर्नाने उचलला, पोकळ वाटला म्हणून बोटाच्या पेराने वाजवला. ठण्ण. माठ घेताना वाजवून बघावा तसा तिने तो पुन्हा वाजवला. पुन्हा ठण्ण.

"छान आहे," ती म्हणाली. "चर्चमध्ये घंटेच्या जागी टांगता येईल."

"कसली घंटा? काही वाजत नाही," ऑरिन म्हणाला.

वर्नाने दस्ता टेबलावर ठेवला. चेष्टा करायची ही जागा नव्हती.

ऑरिनला समोरचं बोलणं कळायचं, पण बाकीचे चिरके आवाज ऐकू येईनासे झाले होते. दोन वर्षं झाली. घरात किटली बोंबलत राहायची आणि हा म्हणायचा, "मुद्दामच बोंबलू दिली, पाणी नीट उकळावं म्हणून." तोवर ठीक होतं. पण पहिल्याच नोव्हेंबरात फर वृक्षांच्या दाट झाडीत दोघं बसली असताना अगदी जवळून एल्कच्या माद्यांचा मांजरीच्या पिलासारखा आवाज आला, आणि हा खुशाल सँडविचचा कागद चुरचुर उलगडत होता. तिने त्याची बाही ओढली. तो थबकला आणि कानाशी कुजबुजला, "ऐकलं मी." त्याने काहीही ऐकलं नव्हतं. तेव्हापासून रानात तिचा हात सतत त्याच्या बाहीशी असे.

हे उघड बोलायची सोय नव्हती. ज्या दिवशी खारीचा चिरचिराट ऐकू आला नाही, त्या दिवशी नील्सने बंदूक भिंतीवर टांगली आणि मरेपर्यंत ओसरीत डोंगराकडे तोंड करून बसून राहिला. ऑरिन दर मोसमात ही गोष्ट छाती फुगवून सांगायचा. "ऐकू येत नसेल त्याने रानात जाऊ नये. आमच्या घरचा नियम आहे." आता तोच नियम याला लागू झाला तर? ओसरीत दुसरी खुर्ची मांडायची? पहाटेची गोठलेली वाट, थर्मासमधली कडू कॉफी, एका शब्दावाचून दोघांनी शेजारी बसून काढलेले ते तास, सगळं संपणार. त्यापेक्षा बाही ओढलेली काय वाईट?

"एक शेवटचं," ड्वेन म्हणाला. त्याने भिंतीवरून एक वाळकी फांदी काढली. "झाडीतून जाताना दस्त्याला फांद्या घासतात. तुम्ही डोळे मिटा. मी तिन्हींवरून ही ओढतो, सगळ्यात जास्त कोणता वाजतो ते सांगा. डोळे उघडे असले की लोक रंगावर भाळतात."

ऑरिनने डोळे मिटले.

"थांब रे," ती घाईने पुढे झाली. "याची कॉलर बघ, नेहमीसारखी दुमडलेली. पन्नास वर्षांत याला कोट घालता आला नाही." कॉलर नीट करून ती त्याच्या बाजूलाच उभी राहिली. हात कोपरापाशी.

ड्वेनने प्लास्टिकवरून फांदी ओढली. खर्रर्र. हिरव्यावरून ओढली. जेमतेम सुसकारा. काळ्यावरून ओढली तसा दुकानभर ठणठणाट झाला. वर्नाने हळूच बाही ओढली.

"हा," ऑरिन म्हणाला. "तिसरा."

"वा!" ड्वेन खूश झाला. "या वयात कान काय तीक्ष्ण आहेत तुमचे!"

वर्नाने श्वास सोडला. ऑरिनने डोळे उघडले, आधी ड्वेनकडे आणि मग तिच्याकडे पाहिलं.

"कान हिचे आहेत, पोरा," तो म्हणाला. "मला ढिम्म ऐकू आलं नाही. हिने बाही ओढली, मी बोललो. दोन वर्षं मी या बाहीवरच शिकार करतोय."

ड्वेनने फांदीकडे असं पाहिलं, जणू चूक तिचीच होती.

"तुला ठाऊक होतं?" वर्ना म्हणाली.

"कोटाची बाही उसवली दोनदा. मला वाटलं, बायकोचं प्रेम उतू चाललंय. मग लक्षात आलं."

"आणि बोलला नाहीस?"

"तू मजेत होतीस."

तिला हसायला येईना. "मग आता? ओसरी?"

ऑरिन टेबलावरचा काळा दस्ता उगाच फिरवत राहिला. "बाबा एकटे जायचे," तो शेवटी म्हणाला. "एकट्याने जाणाऱ्याचा नियम आहे तो. ज्याला ऐकू येतं त्याच्या हातात बंदूक असावी, एवढंच त्यातलं खरं. म्हणून हलका शोधत होतो. तुला डोंगर चढायचाय ना तो घेऊन."

"मला?"

"ड्वेन, गाडीत सीटच्या मागे हिचा लाल चौकड्यांचा कोट आहे. घेऊन ये."

वर्ना बघतच राहिली. "माझा कोट? तू कधी ठेवलास?"

"सकाळी. तू पाव भाजत होतीस तेव्हा. कपाटाचं दार केवढ्याने करकरलं असेल! तुला ऐकू नाही आलं?"

ड्वेन हसू दाबत बाहेर पळाला. कोट आला. ऑरिनने आपला उतरवून खुर्चीवर टाकला, वर्नाच्या अंगात तिचा चढवला आणि गळ्यापर्यंत बटणं लावून दिली.

"काळा नको," ती म्हणाली. "वजन उचलीन मी. निम्मा डोंगर तुझ्या तक्रारी उचलते, त्यापुढे हे काय? तो हिरवा दे. मुका आहे तो."

हिरवा दस्ता तिने खांद्याला लावला तर गाल पोचेना आणि बोट चापाच्या जागेला लागेना. ड्वेनने पट्टी लावली, दस्त्याच्या मागच्या टोकाला पेन्सिलीची रेघ मारली आणि ऑरिनकडे पाहून थबकला.

"मिस्टर टॉलेफसन, इथून कापला की तुम्हाला तो पुरणार नाही. तुमचे हात लांब आहेत. आणि कापलेलं परत जोडता येत नाही."

ऑरिनने रेघेवरून अंगठा फिरवला. वर्नाने बंदुकीवर त्याचा हात इतकी वर्षं पाहिला होता, पण इतका सावकाश कधी पाहिला नव्हता. तिच्या मानेवरून घाम ओघळत होता. ती पुसायला हललीसुद्धा नाही.

"घाई नाही," ती म्हणाली. "घरी जाऊन विचार कर हवं तर."

"काप," ऑरिन ड्वेनला म्हणाला. "नाहीतर बाई उकडून निघेल आणि वर बोलणी मलाच बसतील."

ड्वेनने दस्ता टेबलाच्या लोखंडी पकडीत आवळला आणि विजेची करवत सुरू केली. तिच्या किंचाळण्याने खिडकीच्या काचा थरथरल्या. वर्नाने दोन्ही हात कानांवर घट्ट दाबले. हिरवी भुकटी उडत होती आणि ऑरिन शेजारी हाताची घडी घालून, मान डोलावत उभा होता.

"काय रे ड्वेन," तो मोठ्याने ओरडला, "किती शांत चालते तुझी करवत!"