मशिनचा विसावा

ज्ञानदाला ऑफिसात येऊन सहा महिने झाले होते आणि सहा महिने पियूषच्या पोटात दुखत होतं. खोटं कशाला बोला, चांगलंच दुखत होतं. ती बोलायला लागली की अण्णासाहेब चष्मा काढून ऐकायचे. हेच अण्णासाहेब चार वर्षं पियूषशी बोलताना मोबाइलमधून डोकं वर काढत नव्हते. आणि बाई तरी कशी, भांडावं म्हटलं तर भांडायलाही जागा देत नाही. येता-जाता "थँक्यू पियूष", "तुझ्यामुळे कळलं पियूष". असल्या गोड माणसाचा राग करताना माणूस स्वतःच्याच नजरेतून उतरतो, आणि त्याचा राग वेगळा येतो.

माणमध्ये तुकाबाईंच्या इमारतीत, खालच्या मजल्यावर अण्णासाहेबांची कंपनी. मालक धरून चार माणसं. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी ते यंत्र बनवायचे; कॅन काट्यावर ठेवला की वजन थेट पडद्यावर. आत लिनक्स होतं, पण कापूनछाटून आपल्यापुरतं केलेलं. त्याचा गाभा, म्हणजे कर्नल, आणि त्या कर्नलला काट्याशी बोलायला लावणारा छोटा मोड्यूल, दोन्ही पियूषच्या हातचं. मोड्यूलमध्ये लेखकाचं नाव लिहायची एक ओळ असते. तिथं पियूषचं नाव होतं. वाशिमला आईला त्यानं फोनवर सांगूनही टाकलं होतं, शंभर गावांत माझं नाव लागलंय म्हणून. ते कुणाला दिसत नाही, एवढं मात्र सांगितलं नव्हतं.

यंदा नवा कर्नल घ्यायचं ठरलं. जुना मोड्यूल त्यावर बसेना, आणि अण्णासाहेबांनी तो उचलून दिला ज्ञानदाला.

"तुझ्यावर आधीच लोड आहे रे," ते पियूषला म्हणाले. "आणि हे बघा दोघंही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला पौडची डेअरीवाली माणसं यंत्र न्यायला येतायत. ज्याच्या हातून हे उभं राहील, त्यानंच पुढं ते सांभाळायचं."

म्हणजे ज्ञानदाच्या. म्हणजे त्या ओळीत तिचं नाव. पियूषच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मूल आपण वाढवायचं आणि बारशाला नाव मात्र दुसऱ्यानं ठेवायचं!

खंडेनवमीला तुकाबाई दरवर्षीप्रमाणे हळदीकुंकवाचं तबक घेऊन खाली आल्या. कोपऱ्यात बिल्डचं, म्हणजे लिहिलेल्या कोडचं चालतं सॉफ्टवेअर करणारं मशिन होतं. सगळ्यांचं काम त्यावरच चालायचं, कर्नल तिथंच कंपाइल व्हायचा. तुकाबाई त्याच्यापुढं थबकल्या.

"ह्ये सुरूच हाय व्हय रं?"

"ते बंद करत नाही आम्ही, मावशी."

"का? आमचं औत, कुदळ, खुरपं, समद्यास्नी आज इसावा. ह्यालाच काय धाड भरलीया? हत्यार हाय न्हवं ते तुमचं? काढ ती पिन. दसरा झाला की लाव."

तुकाबाईंपुढं कुणाचं काय चालणार! पियूषनंच पिन काढली, मशिन पुसलं, कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. दोन वर्षं न थांबलेलं मशिन दोन दिवस गप्प पडलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या ठोक्याला ज्ञानदानं पिन लावली आणि कामाला बसली. तिचं काम तसं संपत आलं होतं. काटा ज्या पोर्टला जोडतात त्याची सोय नव्या कर्नलमध्ये बंद होती; ती चालू करायची आणि मोड्यूल कंपाइल करायचा. तिनं चालू केली. कंपाइल केलं. दोनशे बाराव्या ओळीवर एरर: असली काही सोय मला माहीत नाही. तिनं कर्नलच्या सोयींची यादी उघडून पाहिली. चालू केलेली दिसत होती. पुन्हा कंपाइल, पुन्हा तीच ओळ. मोड्यूलमध्ये फेरफार करून पाहिला, तरी तेच.

"असं कसं होईल?" ती पुटपुटली. पियूषला ते ऐकून बरं वाटलं. जरा जास्तच बरं वाटलं.

आता एक गोष्ट पियूषलाच ठाऊक होती. बिल्डची स्क्रिप्ट त्यानं लिहिलेली, आणि ती इशारे गाळून फक्त एरर दाखवायची. गाळलेलं सगळं एका कोपऱ्यातल्या फाइलीत पडायचं. अकरा वाजता सहज म्हणून त्यानं ती फाइल उघडली, तर इशाऱ्यांच्या रांगा लागलेल्या: या फाइलीची तारीख भविष्यातली आहे, त्या फाइलीची तारीख भविष्यातली आहे. त्यानं मशिनची तारीख पाहिली. १ जानेवारी २००२!

त्याला चटकन कळलं. मशिनच्या आतला, तारीख-वेळ लक्षात ठेवणारा नाण्याएवढा सेल संपला होता. पावसाळ्यातच त्याच्या लक्षात आलं होतं, पण मशिन बंद होतंय कुठं म्हणून त्यानं बदलला नव्हता. पिन काढल्यावर मशिन दिवस विसरलं, आणि परत लावल्यावर २००२ च्या पहिल्या मिनिटापासून मोजायला लागलं. रस्ता खणताना केबल तुटल्यानं इंटरनेट आठवडाभर बंद, नाहीतर तिथून तरी वेळ मिळाली असती. आता ज्ञानदा जे जे बदलेल त्यावर २००२ सालाचा शिक्का बसणार, आणि बिल्ड करणारा प्रोग्रॅम म्हणणार, हे तर जुनं आहे, माझ्याकडं यंदाचं तयार आहे. तिच्या बदलाकडं तो ढुंकूनही बघत नव्हता.

चूक पियूषची होती. एक शब्द बोलला असता तर बास होतं. पण बोलला की यंत्र तिच्या हातून उभं राहणार! त्यानं ती फाइल, नंतर दाखवायला लागली तर असावी म्हणून, गुपचूप आपल्या फोल्डरमध्ये उतरवून घेतली आणि चहा प्यायला गेला.

दोन वाजता ज्ञानदाच आली. डबा उघडलासुद्धा नव्हता. "पियूष, जरा बघतोस? माझंच कुठंतरी चुकतंय."

"तुझं काम मी कसं बघू? अण्णासाहेबांनी तुला दिलंय ना?"

ती बिचारी मान हलवून परत गेली. मुळात बरोबर असलेला कोड तिनं स्वतःच्या हातानं पुसला आणि पहिल्यापासून लिहायला घेतला. तिचे डोळे लाल झाले होते. अण्णासाहेब दर अर्ध्या तासानं मागं येऊन उभे राहायचे आणि घड्याळ बघून जायचे. पियूषला वाटलं होतं मजा येईल. आली नाही. पण उठलाही नाही तो, हेही सांगायला हवं.

साडेचारला तो उठला. पूर्ण बिल्डला पाऊण तास लागतो, एवढा हिशोब केलेलाच होता. "सरक जरा," म्हणाला. मशिनला तारीख विचारली, कपाळाला हात लावायचं नाटकही केलं. तारीख दुरुस्त केली, तिची यादी नव्या तारखेनं पुन्हा साठवली, तिचा सकाळचा कोड जुन्या प्रतीतून परत आणला आणि बिल्ड लावला. सव्वापाचला मोड्यूल तयार. काट्यावर तुकाबाईंची पाण्याची कळशी ठेवली. पडद्यावर आकडा आला.

"शाब्बास!" अण्णासाहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. चष्मा काढून मारली. "हे काम तुझंच, पियूष. पहिल्यापासून तुझंच होतं."

ते फोन करायला बाहेर गेले.

"कसं रे सुचलं तुला?" ज्ञानदानं विचारलं. आवाजात कौतुकच होतं.

"सुचलं आपलं. आत्ता, बसल्या बसल्या."

"मी दिवसभर डोकं फोडत होते." ती हसली आणि उरलेलं निस्तरायला बसली. २००२ सालच्या जेवढ्या फाइली मशिनवर पडल्या होत्या त्या शोधून त्यांची तारीख बदलायची होती. यादी आली. सगळ्या तिच्याच होत्या. शेवटची तेवढी पियूषच्या फोल्डरमधली होती.

तिनं ती उघडली. वाचली. मग वेळ बघितली: १ जानेवारी २००२, दोन वाजून पाच मिनिटं.

"पिन मी नऊला लावली," ती हळूच म्हणाली. "तिथून शून्यापासून मोजलं मशिननं. दिवस चुकला त्याचा, मोजलेले दोन तास पाच मिनिटं नाही चुकली." तिनं मान वळवली. "अकरा वाजून पाच मिनिटांनी तुला माहीत होतं."

 ती ओरडली असती, अण्णासाहेबांना हाक मारली असती, तर पियूषला काहीतरी बोलता आलं असतं. तिनं काहीच केलं नाही. फक्त मोड्यूलची फाइल उघडली आणि खाली लेखकाच्या ओळीपाशी गेली. ही ओळ पियूषनं दिवसभरात पाहिली नव्हती. पाहायची हिंमत झाली नव्हती. तिथं आधी त्याचं पूर्ण नाव होतं, वाशिमसकट. त्याच्यामागं स्वल्पविराम, आणि मग तिचं.

"हे महिन्यापूर्वीच लिहून ठेवलं होतं," ज्ञानदा म्हणाली.

तिनं स्वल्पविरामापासून पुढचं सगळं पुसलं, फाइल साठवली आणि कंपाइल केलं. मग डब्याची पिशवी उचलली आणि निघाली. बाहेर डेअरीचा टेम्पो लागला होता. पियूष पडद्याकडं बघत उभा राहिला. एकही एरर आला नाही.