आयुधपूजेचा विसावा

मित्रांनो, मी एक जुना मोडेम आहे. टेलिफोनच्या तारेतून संगणकाची पत्रे आणणारी, लुकलुकत्या दिव्यांची काळी डबी. कानडी मुलखातल्या एका मोठ्या शहरात, मल्लेश्वरम भागातल्या एका घरात माळ्यावर पडून आहे आणि जीव नुसता तळमळतो आहे.

तार जोडताना मी असा किंचाळे की शेजारी कानांवर हात ठेवत. भागीरथीबाईंना मात्र तो आवाज गोड वाटे. या निवृत्त प्राध्यापिका माझ्यामार्फत एक चर्चागट चालवत. झाडे, प्राणी, तळी, जंगले यांच्या अभ्यासाचा इतिहास लिहिणारे लोक त्यात होते. कोणाचेही पत्र आधी बाईंकडे येई. त्यांनी वाचून सोडले की मगच ते सगळ्यांना मिळे. विद्वान भांडखोर असतात, म्हणून ही सोय. ही माणसे एकमेकांना फक्त पत्रांतूनच ओळखत. फोन नंबर कोणाकडे कोणाचा नसे. मला छाती असती, तर ती अभिमानाने फुगली असती.

१९९७ सालची आयुधपूजा आली. इकडे त्या दिवशी हत्यारे, वाहने, यंत्रे पुजतात आणि पुष्कळ घरांत त्यांना कामाला लावत नाहीत. बाईंचे घराणे मराठी, पण कित्येक पिढ्या इथलेच, बोलण्यात कानडी शब्द सहज येत. त्यांनी मला पुसले, कुंकू लावले, शेवंतीचे फूल वाहिले आणि वायर काढून ठेवली.

"सरी, आज स्वल्प विसावा घे बाबा," त्या म्हणाल्या. मी सुखावलो.

दुसऱ्या दिवशी वायर जोडताच पहिले पत्र आले ते गिरीधरचे, आदल्या सकाळी लिहिलेले. तो शहराबाहेरच्या एका कॉलेजात शिकवी. पूजेच्या साफसफाईत तिथली एक खोली रिकामी करत होते. आत वाळवून कागदांवर चिकटवलेल्या जुन्या वनस्पती होत्या. ज्या तळ्यांच्या काठी त्या उगवत, ती तळी बुजवून वर घरे झाली होती. त्याने प्राचार्यांना संध्याकाळपर्यंत कसेबसे थोपवले होते. गटातल्या कोणीतरी गाडी घेऊन यावे, अशी त्याची विनवणी होती.

बाईंनी लगेच ते पत्र सर्वांना धाडले. मीही जिवाच्या आकांताने ओरडलो. पण ते कागद आदल्या संध्याकाळीच केरकचऱ्याबरोबर जळून गेले होते.

दुपारी गटातली शिल्पाश्री शहरातल्याच जे. पी. नगरहून बाईंचा पत्ता शोधत आली, स्वतःच्या गाडीतून. ती रागावली नाही.

"अक्का, काल मी दिवसभर घरीच होते," एवढेच म्हणाली.

बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. मग गटात दोषारोप सुरू झाले. बाईंना बोल लावणारी पत्रे बाईंनीच एकही न अडवता पुढे धाडली. शेवटी एका सकाळी त्यांनी माझी वायर काढली, ती पुन्हा जोडलीच नाही.

गट कोणी बंद केलेला नाही, मित्रांनो. तो नुसता थांबला आहे. आजही एखादी खोली रिकामी होत असेल, गिरीधर पुन्हा पत्र लिहीत असेल, आणि ते बाईंची वाट पाहत अडकले असेल. हा विचार मला जाळतो. मला ओरडायचे आहे आणि आवाज नाही.

दर वर्षी बाई मला खाली काढतात, पुसतात, कुंकू लावतात आणि डोळे टिपत परत वर ठेवतात. उद्या पुन्हा आयुधपूजा आहे. तुमच्यापैकी कोणी त्यांच्या घरी प्रसादाला गेलात, तर त्यांना एवढे सांगा, मी पाया पडतो. फूल नको, कुंकू नको. वायर जोडा, अक्का, आणि कोणाचे पत्र आले आहे का बघा.