जावयाचं वाण

तिसरा घाणा बिघडला आणि साळूबाईंचा पारा चढला. तुपात सोडला की अनारसा हसत होता. म्हणजे जाळी पडायची सोडून विरघळून तळाशी पसरत होता. तीन वर्षांनी अधिक महिना आलेला, लेक-जावयाला धोंड्याचं जेवण आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, कोरेगावात घरोघरी हेच चाललेलं. पण इतरांच्या घरी नुसते अनारसे बिघडत होते. इथं अख्खं घरच बिघडलं होतं.

कारण लेक साक्षी सांगलीला वल्लरीबरोबर राहत होती. एक बँकेत, दुसरी हाडा-सांध्यांचे व्यायाम करून घेणारी. दोघींनी फ्लॅट घेतला, मांजर पाळलं, आणि आम्ही एकमेकींच्या जोडीदार आहोत असं फोन करून घरी सरळ सांगून टाकलं. त्याला दोन वर्षं झाली. त्या दिवसापासून सैन्यातून सुभेदार होऊन परतलेले लालासाहेब लेकीशी एक शब्द बोलले नव्हते. साळूबाईंनी आधी रडून घेतलं, मग सांगलीला जाऊन आठ दिवस राहून आल्या. पोर इतकी खुशीत कधी दिसलीच नव्हती. तेव्हापासून त्यांनी रडायचं सोडलं आणि नवऱ्यावर चिडायला सुरुवात केली.

धोंड्याला दोघींना त्यांनीच बोलावलं. साक्षी म्हणाली होती, "आई, येतो आमी. पण आण्णा वाण द्यायला पाटासमोर बसले न्हाईत, तर पुन्हा बोलवू नको. वल्लरीचा अपमान मला बघवायचा न्हाई."

आता दोघी येऊन बसल्या होत्या आणि आण्णांचा, म्हणजे लालासाहेबांचा पत्ता नव्हता. सकाळी आठला 'आलोच' म्हणून गेलेला माणूस बारा वाजले तरी फिरकला नव्हता. फोन घरातच वाजत पडला होता.

त्यात नणंदबाई. बनुबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातच खुर्ची टाकली होती.

"वैनी, जावई म्हंजे नारायण, लेक लक्षुमी. हितं तर दोनी लक्षुम्याच. नारायण कुठनं आणायचा?"

"वन्सं, दोन लक्षुम्या आपल्या पायानं दारात आल्यात. हाकलून देऊ व्हय?"

"आवं, पर लोकं काय म्हंतील?"

"लोकांस्नी अनारसं जमत असतील तर तळायला पाठवा. न्हाईतर गप बसा."

तेवढ्यात वल्लरी आत आली. "काकू, थोडी तांदळाची पिठी मिसळून बघू या?" तिनं मिसळली आणि पुढच्या अनारशाला सुरेख जाळी पडली. साळूबाईंना आनंद झाला आणि त्या आनंदाचाही राग आला. इतकी गुणाची पोर, आणि एका माणसाला तिच्यासाठी दोन तास घरात थांबवत नाही!

साडेबाराला लालासाहेब आले. हातातली पिशवी त्यांनी बायकोपुढं आदळली. आत पॅन्टपीस, शर्टपीस, टॉवेल आणि पांढरी टोपी.

"आवं, डोकं ठिकाणावर हाय का? पोरगी हाय ती! साडी आणायची, ड्रेस आणायचा. टोपी कुणाच्या डोक्यावर घालू?"

"मला काय ठाव?" लालासाहेब खेकसले. "चार दुकानांच्या पायरीवरनं माघारी फिरलो. पाचव्यात शिरलो, तर तिथं ओळखीचीच माणसं बसलेली. दुकानदारानं इचारलं, सुभेदार, कुणासाठी? म्हटलं, धोंड्याचं हाय, जावयासाठी. मग त्यानं बांधलं ते आणलं."

साळूबाई आणखी बरंच बोलणार होत्या, त्यांनी आदळलेली पिशवी अलगद उचलून घेतली. लेकीचा विषय निघाला की दोन वर्षं जो माणूस उठून चालता व्हायचा, त्यानं भरल्या दुकानात, चारचौघांदेखत 'जावई' म्हटलं होतं. त्यांना रडू आलं. पदर तुपानं माखलेला, धड डोळे पुसायचीही सोय नव्हती.

"दादा, पर रीत..." बनुबाईंनी तोंड उघडलं.

"बने, पाट मांड."

त्यांच्या घरी वाण देण्याआधी सासरा जावयाचे पाय धुतो. पाटावर वल्लरी बसली, शेजारी साक्षी. लालासाहेब भिंतीला धरून कसेबसे खाली बसले आणि त्यांनी परात पुढं ओढली. वल्लरीनं दचकून पाय आखडून घेतले.

"काका, नको! तुम्ही एवढे मोठे, आणि माझे पाय..."

लालासाहेबांनी तांब्या उचलला, पण मान वर केली नाही.

"साक्षे," दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी लेकीला हाक मारली, "हिला सांग, पाय पुढं कर म्हणावं. माझं गुडघं लय दुखायलंत."